गोपिकाबाईला रोज चाळीस रुपये

मानकापूर, नागपूर
सोमवार, दुपार (तुझी भावजय, नंदिनी, महिला मंडळाच्या बैठकीला गेली आहे, म्हणून ही वेळ)

आदरणीय पार्वतीताईस,

धाकट्या प्रीतमचा वाकून जय भीम.

आधी तुझ्या गुडघ्यांची चौकशी करतो, कारण मागच्या पत्रात मी तुझ्याआधी म्हशीची चौकशी केली म्हणून तू पावसाळाभर माझ्याशी बोलली नव्हतीस. तर गुडघे कसे आहेत? ते लसणाचं तेल लावतेस की नुसतं कपाटात ठेवतेस? धान घरात आलं का? तुझा पियुष नवा ट्रॅक्टर घेऊन शेतात जातो की अजून चौकापर्यंतच जातो? सूनबाईला आशीर्वाद आणि नातवाला गोड पापा (गोड हा शब्द मी हल्ली जपून वापरतो, का ते पुढे येईल). इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे. नंदिनी खुशाल आहे. पायल पुण्याला खुशाल आहे. माझं काय ते पत्र वाचून तूच ठरव. मात्र हे पत्र पियुषकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव, पाण्याचा तांब्या जवळ घे आणि स्वतः वाच. चौथीपर्यंत तुला मास्तरांनी मारून मारून शिकवलं ते याच दिवसासाठी होतं.

आता या जमान्यात पत्र कशाला, फोन का नाही, असं तू म्हणशील. तुझा फोन म्हणजे पियुषचा फोन. तो फोन आला की पियुष स्पीकरवर लावतो, अंगणात ठेवतो, आणि मग मी काय बोललो ते तुला कळायच्या आधी कुहीच्या बसस्टँडवर कळतं. शिवाय माझा फोन माझा राहिलेला नाही. तो माझ्या खिशात असतो, त्याला चार्जिंग मी करतो, पण तो नोकरी नंदिनीची करतो. हीच माझ्या दुःखाची सुरुवात आहे.

ताई, तुझ्या पदराच्या टोकाला जी गाठ असते, तिची मला आजकाल फार आठवण येते. लहानपणी मी रडलो की तू ती गाठ दातांनी सोडायचीस आणि चार आणे काढून द्यायचीस. आईला कळायचं नाही, बाबांना कळायचं नाही, त्या चार आण्यांचं मी काय केलं ते तुलासुद्धा कळायचं नाही. रोख पैशाचा हाच मोठेपणा आहे. नोट हातातून गेली की गेली, ती मागे वळून कुणाला सांगत नाही की मी अमक्या दुकानात गेले आणि अमक्यानं तिथं काय खाल्लं. नोटेला तोंड नसतं. हे वाक्य मी फार विचार करून लिहिलं आहे.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या रक्तात साखर निघाली हे तुला ठाऊक आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद माझ्या हातात न देता नंदिनीच्या हातात दिला, आणि तिथूनच माझ्या राज्याला उतरती कळा लागली.  घरी येताना मानकापूरच्या चौकात ऑटो थांबला तेव्हा नंदिनी बाहेर पाहत म्हणाली, "बाबांचा पाय म्या पायला हाय. मले तसं पुन्हा बसवू नका जी." साखरेपायी बाबांचा पाय कापावा लागला, त्यानंतरची सगळी उस्तवार तिनंच केली. तू कुहीला, मी कोराडीच्या वीज केंद्रात पाळीवर. ती मात्र नवी सून असून बाबांच्या खाटेजवळ. त्यामुळे मी तिथल्या तिथं गोड सोडल्याचा शब्द दिला. मनापासून दिला. मनापासून दिलेला शब्द मोडायला थोडे जास्त दिवस लागतात, एवढाच फरक.

मोडला तो रोख पैशानं मोडला. खिशात दहाच्या दोन नोटा असल्या की माणसाचे पाय आपोआप वळतात (माझे डावीकडे वळतात, तिथं मिठाईचं दुकान आहे). महिनाभर कुणाला काही कळलं नाही. मग एक दिवस नंदिनीनं माझी पँट धुवायला घेतली आणि खिशातून संत्रा बर्फीचा कागद निघाला. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं पुण्याला पायलला व्हिडिओ कॉल केला, दोघी माझ्यासमोर माझ्याबद्दल मी तिथं नसल्यासारख्या बोलल्या, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या आयुष्याची नवी घटना लिहून झाली. पेन्शन आली की ती नंदिनीच्या खात्यात वळती होणार. माझा फोन तिच्या खात्याला जोडलेला. मी कुठंही स्कॅन करून अंगठा लावायचा, पैसे तिच्या खात्यातून जायचे, आणि त्याच क्षणी तिच्या फोनवर टिंग वाजायचं: किती, कधी आणि कुणाला. घरातली रोकड, माझ्या पाकिटातली, शेजारच्या देवानंदच्या लग्नाच्या आहेरासाठी राखलेली एकशे एक रुपयांची पाकिटं, सगळी जप्त. कोराडीच्या स्टोअरमध्ये मी जन्मभर एकेका नटबोल्टाची नोंद ठेवली. कुणी सही केल्याशिवाय मी साधा वायसर दिला नाही. आता लोक माझा वायसर मोजतात.

पायल म्हणाली, "बाबा, आजकाल सगळे कॅशलेसच राहतात." राहतात, पण त्यांच्या मर्जीनं राहतात. मी रिक्त खिशानं हिंडणारा पेन्शनर झालो. सकाळी फिरायला जाताना नंदिनी स्वतः फोन माझ्या खिशात घालते (वाटेत काही झालं तर असावा म्हणून) आणि चष्मा काढून ठेवते (पडला तर फुटेल म्हणून). या दोन गोष्टींनी पुढचा सगळा घोटाळा केला.

फिरायच्या रस्त्यावर सौरवचा ठेला आहे. सौरव जिलबी काढतो, त्याचा बाप शेजारच्या कढईत आलूबोंडे तळतो, आणि थंडीच्या दिवसांत त्या ठेल्याभोवती जी वाफ असते ती मी तुला पत्रात कशी पाठवू? मी आठवडाभर नाक दाबून पुढं गेलो. मग एकदा नाक सोडलं. चाळीस रुपयांची जिलबी, द्रोणात, गरम. स्कॅन केलं, अंगठा लावला. ठेल्यावरचा तो स्पीकरचा डबा हिंदीत चाळीस रुपये मिळाले म्हणून एवढ्या मोठ्यानं ओरडला, की समोरच्या शाळेची प्रार्थना थांबली असेल.  घरी गेल्यावर आता माझं काही खरं नाही, असं समजून मी तोंडात वेलची टाकून गेलो. नंदिनी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, मेसेजची व्यवस्था बंद पडली. सरकारी माणसाला यंत्र बंद पडण्यावर फार विश्वास असतो. मी रोज जाऊ लागलो.

आठवडा उलटल्यावर ती एक दिवस तांदूळ निवडत बसली होती. सूप हलवता हलवता, वर न पाहता म्हणाली, "हे गोपिका कोण व्हय जी?"

ताई, मी आयुष्यात कधी कुठल्या गोपिकेच्या वाटेला गेलो नाही. कोराडीत सगळा पुरुषांचा कारभार, आणि जिथं बायका होत्या तिथं राख एवढी उडायची की कुणाचं तोंड कुणाला दिसत नसे. मी प्रामाणिकपणे म्हणालो, कोण गोपिका? तिनं फोन पुढं केला. रोज सकाळी, न चुकता, गोपिकेला चाळीस रुपये. तेव्हा मला उजेड पडला. सौरवच्या ठेल्यावरचं ते स्कॅन करायचं पान सौरवच्या नावाचं नव्हतंच, त्याच्या आईच्या खात्याचं होतं. आणि चष्मा घरी असल्यामुळं पैसे पाठवताना कुणाचं नाव येतं ते मी एकदाही वाचलं नव्हतं. म्हणजे नंदिनीला जिलबी दिसलीच नव्हती. तिला एक बाई दिसत होती.

आता तू सांग, मी काय करायला हवं होतं? एका बाजूला जिलबी, दुसऱ्या बाजूला गोपिका. जिलबी कबूल केली तर दिलेला शब्द मोडला, बाबांचा पाय मध्ये आला, पुन्हा डॉक्टरीणबाई. गोपिका कबूल करावी तर या वयात घर सोडावं लागलं असतं, आणि मानकापुरात भाडी फार वाढली आहेत. तेवढ्यात माझ्या तोंडातून निघालं की विधवा आहे बिचारी. का निघालं ते विचारू नकोस. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला त्या क्षणी विधवा सापडली. नंदिनीनं सूप खाली ठेवलं. "लेकरंबाकरं?" मी म्हणालो, एक मुलगा आहे, शिकतो. (हे अगदीच खोटं नाही. सौरव जिलबीचे वेढे अजून शिकतोच आहे.) नंदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "मंग चाळीसच काहून देता जी? पन्नास देत जा."

मी तोंड लपवून बाहेर अंगणात गेलो. नंदिनीला वाटलं मी गहिवरलो.

दुसऱ्या दिवसापासून पन्नासची जिलबी. थंडी वाढल्यावर नंदिनी म्हणाली की लेकराला स्वेटर लागत असेल, शंभर करा. ताई, शंभराची जिलबी एका माणसाला खाता येत नाही. मी प्रयत्न केला. उरलेली मी रस्त्यावरच्या एका कुत्र्याला देऊ लागलो, तो आता मला पाहिलं की घरापर्यंत येतो आणि नंदिनी विचारते की याला तुमचा एवढा लळा कसा. तेव्हा सौरवनंच वाट दाखवली. म्हणाला, "काका, शंभर टाका, चाळीसची खा, बाकी नगदी घ्या. कोणाले काय समजते?" आणि ताई, माझ्या हातात पुन्हा नोटा आल्या! मी वास घेतला. त्यांना तेलाचा वास होता, पण तो वासही मला स्वातंत्र्याचा वाटला. सुटे जड होतात म्हणून सौरव ते साठवून मला पाचशेची नोट द्यायचा, आणि मी त्या नोटा पलंगाखालच्या माझ्या कोराडीच्या जुन्या बुटात ठेवायचो. त्या बुटांत लोखंडी टोपी आहे, वरून हजार किलो पडलं तरी आतल्या वस्तूला धक्का लागत नाही, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं.

बूट जरा भरल्यावर मी ठरवलं की सीताबर्डीला जायचं, तिथल्या मोठ्या दुकानात बसून संत्रा बर्फी खायची, साहेबासारखी नोट काढून द्यायची आणि घरी यायचं. नंदिनीला सांगितलं वाचनालयात जातो. ऑटोत बसलो. व्हरायटी चौकात उतरून पाचशेची नोट पुढं केली, तर तो ऑटोवाला पोरगा माझ्याकडे असं पाहू लागला, जणू मी त्याला जमिनीचा सातबारा दिला आहे. सुटे नाहीत. मी म्हणालो, बघ बाबा. त्यानं दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. मग आम्ही दोघं सुटे मागायला निघालो. मोज्यांच्या गाडीवाला हसला. मोबाइलची कव्हरं विकणारा म्हणाला, "काका, नगदी पायली नाही सकाळपासून." एकाकडे मी नाडा घेतला, गरज नसताना, फक्त नोट मोडावी म्हणून. त्यानं नाडा दिला, नोट पाहिली आणि नाडा परत घेतला. बर्फीच्या दुकानात गेलो तर तिथं गल्ल्यावर माणूसच नाही, नुसतं ते चौकोनी पान चिकटवलेलं. एवढ्या मोठ्या बाजारात, भर दुपारी, खिशात पाचशे रुपये असून मी भिकारी होतो.

शेवटी ऑटोवाल्यानं हात जोडले. तो म्हणाला, "करा ऑनलाइन, काय करता! माह्या बायकोच्या खात्यात जाते. मंग सांजच्याले मलेच मांगा लागते तिच्याजवळ." मला त्या पोराबद्दल एकदम माया वाटली. आपल्यासारखे किती नवरे या शहरात रिकाम्या खिशानं हिंडत असतील! त्या मायेच्या भरात मी स्कॅन केलं, आणि अंगठा लावल्यावर मला आठवलं की आजही चष्मा घरीच आहे. घरी पोचलो तर नंदिनी दारातच उभी. म्हणाली, "मयुरा कोण व्हय?"

मी म्हणालो, गोपिकेची नणंद. (ताई, खोटं बोलणं हे घर बांधण्यासारखं आहे, एक खोली झाली की दुसरी लागतेच.) तीही विधवा का, असं नंदिनीनं विचारलं. मी म्हणालो, नाही, नवरा आहे, पण त्याच्या हातात पैसा नसतो. एवढं एकच वाक्य मी त्या दिवशी खरं बोललो.

इथपर्यंत मी सांभाळून नेलं असतं. पण चांगुलपणाची बातमी वाईटपणापेक्षा लवकर पसरते. नंदिनीनं महिला मंडळात सांगितलं की आमचे हे रोज गुपचूप एका विधवेला मदत करतात आणि एका शब्दानं बोलत नाहीत. मंडळाच्या बायका मला रस्त्यात नमस्कार करू लागल्या. एकीनं तिच्या नवऱ्याला माझं उदाहरण दिलं, तो आता मला ओळख देत नाही. आणि परवा ठरलं की येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर माझा सत्कार करायचा. गोपिकाबाईला मंचावर बसवायचं, तिनं दोन शब्द बोलायचे, मग टाळ्या. फलकसुद्धा रंगवायला टाकला आहे, 'निःशब्द दानशूर' असं लिहिणार आहेत. मी पुष्कळ नको म्हणालो. मी जितका नको म्हणालो तितक्या त्या म्हणाल्या की बघा, किती नम्र माणूस.

मग काल मी जीव मुठीत धरून खऱ्या गोपिकेकडे गेलो. ठेल्याच्या मागंच त्यांचं घर आहे. दोन मजली आहे ताई, वर पाण्याची टाकी, खाली फरशी, दारात मोटरसायकल. मदतीची गरज असलीच तर मला होती. गोपिकाबाई अंगणात मिरच्या वाळवत होती. मी सगळं सांगितलं आणि विनंती केली की रविवारी अर्धा तास विहारात येऊन बसा, पांढरं लुगडं नेसा आणि शक्य झालं तर डोळे पुसा. तिनं कमरेवर हात ठेवले आणि कढईकडे बोट केलं, तिथं तिचा नवरा झाऱ्यानं आलूबोंडे उलटवत होता, अंगानं चांगला दणकट. म्हणाली, "काहो भाऊ, मले जित्या नवऱ्याची विधवा करून राहिले तुमी?" नवऱ्यानं झारा घेऊन मागं पाहिलं. मी आलूबोंड्यांची स्तुती केली. मग तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, आणि तिनं विचारलं, "नंदिनीबाईले माहीत हाय काय हे?" मी म्हणालो, मुळीच नाही, आणि कळूही देऊ नका. (नंदिनीचं नाव तिला कसं ठाऊक, हा विचार मला घरी आल्यावर आला. सौरवनं सांगितलं असेल. तो फार बोलतो.) ती म्हणाली की मी काही येणार नाही. मी रागानं म्हणालो, मग मी कुहीवरून माणूस आणतो. आणि निघून आलो. जिलबी न खाता आलो, यावरून माझी मनःस्थिती तुला कळेल.

तर ताई, असं आहे. रोख होतं तेव्हा मी एक साधा चोर होतो, बर्फीपुरता. कॅशलेस झाल्यावर मी दानशूर झालो, आणि दानशूर होणं फार वाईट. नंदिनी मला काल जेवताना म्हणाली की तुमच्यासारख्या माणसाशी लग्न झालं हे माझं भाग्य. तिनं ते हसून म्हटलं, आणि मी पोळीचा घास ताटात परत ठेवला. ती माझ्यावर रागावली तर मी सोसेन, मला सवय आहे. पण रविवारी भर विहारात तिला सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागली तर ते मला सोसणार नाही, हे मी तुला खरं सांगतो. बाकी काही विशेष नाही. गुडघ्यांची काळजी घे. तेल लाव.

तुझा आज्ञाधारक (साखरेची बाब सोडून) भाऊ,
प्रीतम

ता. क. एक छोटंसं काम होतं, सहज आठवलं म्हणून लिहितो. तुझ्या शेजारची रंभाबाई खरीखुरी विधवा आहे, तिचा मुलगा शिकतो, आणि परक्याच्या मयतीतही ती सर्वांत मोठ्यानं रडते. तिला रविवारी पहिल्या बसनं पाठव. बसमध्ये बसवतानाच तिच्याकडून पाठ करून घे की तिचं नाव गोपिका आणि मी तिला रोज मदत करतो. मयुराबद्दल कुणी विचारलं तर म्हणावं नणंद माहेरी गेली. बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे खर्चही निम्माच. तो आता तू पदराच्या गाठीतून दे. मी रोख परत करीन, फक्त माझ्याजवळ पाचशेचीच नोट आहे, तेव्हा तिच्याजवळ सुटे पाठव.

ता. क. २. हे पोस्टाच्या बाकावर बसून लिहितो आहे. पत्र रविवारच्या आत पोचावं म्हणून स्पीड पोस्ट करायला आलो. निघताना पलंगाखालच्या बुटात हात घातला तर एकच नोट हाताला लागली, बाकीच्या टोकाकडे सरकल्या असतील. ती खिडकीत दिली. खिडकीतल्या बाईंनी नोट उजेडात धरली, परत दिली आणि म्हणाल्या, "सुटे द्या काका, नाहीतर स्कॅन करा." मागं रांग होती. मी स्कॅन केलं. चष्मा आणला होता, म्हणून या वेळी मला स्पष्ट वाचता आलं की पैसे कुठं गेले. म्हणजे आता नंदिनीलाही वाचता आलं असेल. एक चांगलं आहे, पोस्ट हे बाईचं नाव नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात नंदिनीचा फोन आला. जसं बोलली तसं लिहितो, म्हणजे तुला हिच्या तोंडचं कळेल. "ताईले पत्र टाकून राहिले ना? कुहीवरून दुसरी गोपिका मांगवू नका. खरी माह्या बाजूले बसली हाय." ताई, गोपिकाबाई नंदिनीच्या बचत गटात आहे. पहिल्यापासून आहे. मी नोकरीभर कोराडीत राहिलो, बचत गटात कोण बायका येतात हे मी कधी विचारलं नाही. पहिल्या चाळीस रुपयांच्या दिवशीच नंदिनीनं तिला फोन करून विचारलं होतं की आमचे हे तुझ्याकडे काय खातात. मागून गोपिका एवढी हसत होती की मला अर्धं ऐकू आलं नाही. पन्नास काय, शंभर काय, ते सगळं मी कुठवर जातो ते पाहायला होतं. मी विचारलं, मग सत्कार? ती म्हणाली सत्कार होणारच, फलक रंगवून आला आहे. शाल नाही, नारळ नाही, बोट टोचून घरच्या घरी साखर पाहायचं यंत्र देणार आहेत, सगळ्यांसमोर, आणि पहिलं बोट मंचावरच टोचणार. पैसे? मी विचारलं ते. ती म्हणाली, "बुटातले घेतले जी. एक नोट ठेवली तुमच्यासाठी, पोस्टाच्या कामाची." मग हसणं थांबवून हळूच म्हणाली, "ताईलेबी बोलवा. बाबांची साखर तिच्याबी अंगात असल. दोघं बहीणभाऊ एका जागी बसा अन् तपासून घ्या. मले भेव लागते जी."  मी हो म्हणालो.

तेव्हा रंभाबाईला राहू दे, तूच ये. तिकिटाचे पैसे गेलेच आहेत म्हणून हे पत्र टाकतो. वर मी नोटेला तोंड नसतं असं लिहिलं आहे, तेवढं वाक्य खोडून वाच. आणि येताना गाठीत सुटे आण, सौरवचा ठेला विहाराच्या वाटेवरच आहे, बोट टोचायच्या आधी पोचू.